उजेडाकडे पाठ

बाळ झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने तिला बजावलं होतं. तिच्या खालच्या ओठाच्या कोपऱ्यात पुटकुळ्यांचा बारका घोस उठला होता, कळांच्या त्रासाने म्हणा की उन्हाने. सिस्टर खाटेच्या कडेला उभी राहून त्याकडे बघत म्हणाली, "हे चिकटतं. सुकेपर्यंत बाळाचा मुका घ्यायचा नाही. ज्याच्या ओठावर असं असेल त्याला घेऊ द्यायचा नाही. आणि फोडाला लावलेलं बोट धुतल्याशिवाय डोळ्याला न्यायचं नाही, कुणीच. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. घरी सगळ्यांना सांग."

तिने अर्धंच उचललं. मुक्याचं तेवढं घरी आणलं, डोळ्याचं तिथेच खाटेवर सोडून आली. एक कान बाळाच्या श्वासाला लावलेला, दुसऱ्यात मावलं तेवढं गेलं. शिवाय मिठागरावर कुणाचे डोळे लाल नसतात? वारा सुटला की मिठाचा भुगा हवेत असतो, आणि लहानथोर सगळे मनगटाने नाहीतर बोटाने डोळे पुसतच काम करतात. तिथे डोळ्याला बोट लावू नका म्हणून सांगायचं म्हणजे माशाला पाण्यात भिजू नकोस म्हणण्यासारखं. ती हसलीसुद्धा होती मनातल्या मनात.

मुक्याचा नियम मात्र तिने डोळ्यांत तेल घालून पाळला. दारात कुणी आलं की तिची नजर आधी त्याच्या ओठांवर जायची, मग माणसावर. लोकांच्या ते लक्षात आलं. नणंद म्हणायची, "राजकन्येच्या गालाला हात लावायचा तर अर्ज करावा लागतो म्हणे. दाखले काय काय लागतात, वहिनी?" नवरा मिशीत हसायचा. सासूने मात्र कधी एक शब्द काढला नाही. ती कामावरून आली की बादलीपाशी बसून कोपरापर्यंत हात धुवायची, ओले हात समोर धरून आत यायची आणि सुनेपुढे उलटेसुलटे करून म्हणायची, "घ्या साहेब, तपासा."

सून तपासायची. नखंसुद्धा बघायची. हातांच्या वर मान उचलून तिने सासूच्या तोंडाकडे किती वेळा बघितलं, ते आता कुणी विचारत नाही.

घर म्हणजे कंपनीच्या रांगेतल्या दोन खोल्या, वर पत्रा. दारातून बाहेर बघितलं की नजर पोचेल तिथवर पाण्याचे उथळ वाफे, आणि त्यांच्या कडेने मिठाचे ढीग, दुपारी बघवणार नाहीत इतके पांढरे. नवरा वाफ्यात दाताळं ओढायचा. पाण्याखाली साकळलेलं मीठ खरवडून बांधावर आणायचं, दिवसभर. त्याच्या पायांच्या भेगांत मीठ जाऊन जाऊन तिथली जाणीवच गेली होती. एकदा पायात खिळा घेऊन तो घरी आला आणि जेवायला मांडी घातली तेव्हा तो खिळा बायकोला दिसला. "मला वाटलं चपलेला काहीतरी चिकटलंय," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.

नणंद गोण्या शिवायची. सासू निवडणीला. निवडणीच्या शेडमध्ये लांब टेबल, त्यावर पत्र्याची ताटं, ताटात मीठ पसरायचं आणि त्यातले काळे कण, कचरा, शिंपल्याचा चुरा वेचून काढायचा. सासूच्या ताटात चूक सापडायची नाही. तिच्या बोटांना म्हणे डोळे होते. बाकीच्या बायका ताट दोनदा फिरवायच्या, ती एकदाच. टेबलावर सगळ्यांत चांगली जागा, मोठ्या खिडकीसमोरची, वर्षानुवर्षं तिची होती.

मिठागरावर उन्हाळा म्हणजे काम, आणि काम म्हणजे ओठ. वरून ऊन, खालून मिठाची तिरीप. ओठ आधी कोरडा पडतो, मग एका जागी मुंग्या येतात, ती जागा बधिर होते, जणू दुसऱ्याचाच ओठ शिवून लावलाय. दुसऱ्या दिवशी तिथे पाण्याच्या पुटकुळ्या, मग फुटून खपली. त्यावर मिठाचा कण बसला की उभा माणूस खाली बसतो. पण दुखण्याचं कुणाला काही नव्हतं. भीती होती ती गेटची.

गेटवर मुकादम उभा राहायचा. सगळे त्याला बॅटरी म्हणायचे, कारण हातात बॅटरी असल्याशिवाय कुणी त्याला बघितलेलं नव्हतं. कंपनीने नियम केला होता, खाण्याचं मीठ आहे, तोंडावर वाहता फोड असलेल्याने निवडणीत आणि भरणीत यायचं नाही. मग बॅटरी प्रत्येकीच्या तोंडावर उजेड मारायचा. "ओठ बाहेर काढ. आणखी. मला काय तुझा मुका घ्यायचाय का, नीट दाखव." मागची रांग हसायची. जिला परत पाठवलं तीसुद्धा हसायची, रुमाल तोंडावर ओढून घेत. परत गेलेल्या दिवसाचं काही मिळत नाही, आणि खपली पडेपर्यंत रोज तेच.

म्हणून सासूच्या डब्याला मान होता. गोड्या पाण्याच्या टाकीमागे, जिथे नळ गळतो, तिथे त्या सगळ्या पांढऱ्या मुलखातलं एकुलतं हिरवं होतं. करवती कडांच्या पानांचं एक झुडूप, चुरगळलं की लिंबाचा वास येणारं. त्याला नाव कुणी दिलेलं नव्हतं, पाला म्हणायचे. सासूच्या सासूने कुठूनसा आणून लावलेला. सासू तो खाटेखाली सावलीत सुकवायची, तेलात मंद आचेवर ठेवायची, फडक्यातून पिळून घ्यायची आणि मेण घालून डब्यात गोठवायची. पुटकुळी फुटायच्या आधी, नुसत्या मुंग्या आल्या की लावायचा. आणि लावायची तीच, स्वतःच्या बोटाने. सकाळी गेटकडे जाताना बायका तिच्या दारात थांबायच्या, हनुवटी वर करून. ती डब्यात बोट बुडवायची आणि एकेकीच्या ओठावरून फिरवायची. "दुसऱ्याच्या हाताने लावलं की गुण येत नाही," ती म्हणायची. "औषध कडू असलं तर जीभ भांडते. हाताचं तसं नाही. हात गोड लागतो."

सून कॉलेजात विज्ञान शिकलेली. बाळ अंगावर पीत होतं त्या पहिल्या उन्हाळ्यात ती घरीच होती, आणि हे रोज दारात बसून बघत होती. तिला एक प्रश्न पडला. पाल्याने बरं होतं, की व्हायचं तेव्हा आपोआपच होतं आणि नाव पाल्याचं होतं?

तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बरं होतं ना? मग झालं तर."

"पण कशाने?"

"बाळाला झोपव. कशाने झोपलं ते विचारतेस का त्याला?"

मग तिने सासूलाच विचारलं. सासू रागावेल असं वाटलं होतं. सासू म्हणाली, "बघ की तपासून. माझे हात रोज तपासतेस, पाल्याने काय घोडं मारलंय?"

तिने दोन प्रकारच्या डब्या केल्या. एकीत पाल्याचं तेल आणि मेण, दुसरीत नुसतं तेल आणि मेण. पहिल्या खेपेला नणंदेने डबी नाकाशी नेली आणि म्हणाली, "ह्याला वासच नाही. खोटं आहे हे." तेव्हा तिने नुसत्या तेलात लिंबाची साल चुरून घातली. मग वास सारखा, रंग सारखा. पाल्याच्या डबीच्या झाकणाला तिने खालून एक बारीक ठोका दिला, आणि तो ठोका कशाचा ते सासूलासुद्धा सांगितलं नाही. जी बाई दारात येईल तिला हाताला लागेल ती डबी द्यायची, लावायचं जिचं तिने, आणि मग रोज सकाळी कडेवर बाळ घेऊन गेटपाशी उभं राहायचं आणि बघायचं, बॅटरी कुणाला आत सोडतो. बॅटरीला वाटलं ही आपल्यावर लक्ष ठेवायला कंपनीने बसवलीय. त्या उन्हाळ्यात तो जरा सभ्य बोलायला लागला, तेवढाच फायदा.

उन्हाळा सरला तेव्हा तिला जे दिसलं ते तिने जेवताना सांगितलं. मुंग्या आल्या आल्या ज्यांनी पाला लावला, त्या बहुतेक एखाददोन दिवस आधी गेटातून आत गेल्या. पुटकुळ्या फुटल्यावर ज्यांनी लावला, त्यांच्यात आणि नुसत्या तेलवाल्यांत काही फरक दिसला नाही. आणि पुन्हा उठायचं ते कुणाचंच थांबलं नाही. बायका थोड्या होत्या, एकच उन्हाळा होता, असंही ती म्हणाली. पण गुण आहे. थोडा आहे, पण आहे.

सासू खरकटी ताटं उचलत होती. ती म्हणाली, "एवढं कळायला तुला एक अख्खा उन्हाळा लागला?" पण ती खूश झाली होती. दुसऱ्या दिवशी नळावर तिने सगळ्यांना सांगितलं, माझ्या सुनेने शास्त्राने बघितलं, पाला पास झाला.

त्या दिवसापासून पाल्याचा हात सुटला. आधी तो फक्त ओठाला होता. आता टाचेच्या भेगेला, नणंदेच्या भाजलेल्या बोटाला, नवऱ्याच्या मानेवरच्या पुळीला, सगळ्याला पाला. सुनेला ते दिसत होतं. टाचेला लावल्याने कुणाचं काय बिघडतंय, म्हणून ती गप्प बसली. एकदा तेवढं म्हणाली, "आई, मी फक्त ओठाचं बघितलं होतं हं." सासू म्हणाली, "ओठ काय दुसऱ्या मातीचा असतो का?"

दुसऱ्या वर्षी मोसम उशिरा लागला. ढग रेंगाळले, पाणी आटेना, वाफे नुसतेच चकाकत पडले. लोक हातावर हात घेऊन बसले. मग एकदम ऊन पडलं आणि वाराही सुटला, तो थांबायचं नाव घेईना. उशीर भरून काढायचा म्हणून कंपनीने कामाचे तास लांबवले. बाळ आता चालायला लागलं होतं, तेव्हा सूनही गोण्यांच्या भरणीत जाऊ लागली, बाळाला शेडमागच्या सावलीत गोण्यांवर ठेवून. घरातला एकही हात मोकळा नव्हता, आणि मोकळा असून चालणारही नव्हता.

त्या वाऱ्यात सगळ्यांचे ओठ गेले. सुनेने वाटलेल्या डब्या केव्हाच संपल्या होत्या, आणि सकाळी दारात पुन्हा पहिल्यासारखी रांग लागायची. सासू एका ओठावरून दुसऱ्या ओठावर बोट फिरवत जायची, बोट डब्यात, डब्यातून ओठावर. तिच्या स्वतःच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूला मोठा घोस उठला होता, खपली पडेपर्यंत तीही गेटवरून परत आली होती. त्यालाही तेच बोट. मग वारा यायचा, डोळा चुरचुरायचा, त्यालाही तेच. बाळाला घ्यायच्या आधी मात्र ती बादलीपाशी बसायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि म्हणायची, "घ्या साहेब."

सून हात बघायची.

सासूचा डावा डोळा लाल झाला. त्या दिवसांत उजवाही होता, नवऱ्याचे दोन्ही होते, बॅटरीचे होते. काही दिवस ती रुमालाचं टोक ओलं करून डोळ्यावर धरत होती. "खुपतंय जरा," म्हणाली. नंतर धरायची बंद झाली. सुनेला वाटलं, बरा झाला असेल.

मग ताटाचं झालं. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी बॅटरी निवडणीच्या टेबलावरून फिरत आला आणि सासूच्या ताटापाशी थांबला. बॅटरी लावून ताटावर धरली, दिवसाढवळ्या. मग बोटाने एक काळा कण उचलला. दुसरा उचलला. तिसरा उचलून त्याने सासूच्या तळहातावर ठेवला.

"हे काय आहे, आजी?"

सासू तळहाताकडे बघत राहिली. "कचरा," ती म्हणाली.

"माझ्या डोळ्याला दिसतो. तुमच्या नाही?"

"वाऱ्याने आला असेल."

"वारा तुमच्याच ताटात येतो व्हय?" असं म्हणून त्याने ते अख्खं ताट न निवडलेल्या ढिगात उपडं केलं. अर्ध्या दिवसाचं काम. टेबलावरच्या बाकीच्या बायका आपापल्या ताटात बघायला लागल्या. कुणी हसलं नाही. सासू उठली, ताट पुसलं, पुन्हा भरून घेतलं आणि जागेवर येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सून शेडच्या दारातून बघत होती. ती पुढे गेली नाही. गेली असती तर काय म्हणाली असती? तिला वाटलं, वय झालं, दमतात.

दोनचार दिवसांनी सासूने जागा बदलली. खिडकीसमोरची जागा एका नव्या पोरीला दिली आणि स्वतः टेबलाच्या आतल्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली. "तिकडे झळ लागते," म्हणाली. घरीही ती दाराशी बसेना. खोलीच्या कोपऱ्यात, उजेडाकडे पाठ करून बसायची. चहाचा कप घेताना हात आधी जरा पुढे जायचा, हवेत थांबायचा, मग कप धरायचा. पाणी ओतताना एकदा पेल्याबाहेर पडलं. नणंद म्हणाली, "आई, पेला इकडे आहे, फरशीला तहान लागलेली नाही." सगळे हसले, सासूही हसली.

सुनेने हे सगळं बघितलं होतं. एकेक बघितलं होतं. पण तिची नजर दिवसभर बाळाच्या मागे असायची, बाळाच्या तोंडात काय जातंय, कोण वाकलंय, कुणाच्या ओठावर काय आहे. नजर एकीकडे राबली की दुसरीकडचं दिसतं, पण मनात उतरत नाही.

ते उतरवलं शेवटी बाळाने. सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. सासू कोपऱ्यात बसून बाळाशी खेळत होती. बाळाला एकच खेळ यायचा. ते आपल्या तळव्याने समोरच्याचे डोळे झाकायचं आणि समोरच्याने विचारायचं, "कुठे गेलं माझं बाळ?" मग तळवा काढायचा आणि खिदळायचं. त्या दिवशी बाळाच्या दुसऱ्या हातात चमचा होता. म्हणून त्याने एकाच हाताने झाकलं. तळवा सासूच्या उजव्या डोळ्यावर बसला. डावा उघडा होता.

"कुठे गेलं माझं बाळ?" सासू म्हणाली.

बाळ तिच्या नाकासमोर होतं. डाव्या डोळ्यापुढे वीतभर अंतरावर, तोंड उघडून हसत. सासूचा उघडा डोळा त्याच्या पलीकडे कुठेतरी भिंतीवर होता.

"कुठे गेलं?" ती पुन्हा म्हणाली. ह्या खेपेला तो खेळातला आवाज नव्हता. तिने हात पुढे करून चाचपडलं, आणि तो बाळाच्या खांद्याला लागला तेव्हा तिने तो घट्ट धरला.

सून भांडी घासत होती. ती ओल्या हातांनी उठली. जवळ गेली, बाळाच्या तळव्यावर आपला हात ठेवून तो तिथेच धरून ठेवला, आणि दुसरा हात सासूच्या डाव्या डोळ्यापुढे धरला.

"आई, माझी किती बोटं?"

उजव्या डोळ्यावरचा हात चुकवायला सासू मान तिरकी करू लागली.

"आई."

"अगं, उजेड फार आहे." कोपऱ्यात उजेड नव्हताच.

सुनेने तिचा चेहरा धरून दाराकडे वळवला. आत्तापर्यंत इतक्या जवळून तिने त्या चेहऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं. डाव्या बुबुळावर मधोमध पांढुरकी साय धरली होती, दुधावर धरते तशी.

"कधीपासून?"

"मोसम लागला तेव्हा दुखायचा. खूप दुखायचा. आता महिनाभर दुखत नाही. बरा होतोय."

"काय घालत होता त्यात?"

सासूने तिच्याकडे बघितलं. उजव्या डोळ्यावरचा हात बाळाने काढून घेतला होता. "पाल्याचं तेल," ती म्हणाली. "तूच बघितलंस ना, गुण आहे म्हणून."

सून पुन्हा भांड्यांपाशी जाऊन बसली. घासायचं राहिलेलं पातेलं तिने घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग नवऱ्याला हाक मारली.

डोळ्यांचा दवाखाना शहरात होता. लांबलचक बाक, त्यावर डोळ्यांत थेंब घालून मिटून बसलेली माणसं, जशी काही सगळ्यांची एकदमच प्रार्थना चाललीय. नंबर आला तेव्हा दुपार टळली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सुनेच्याच वयाच्या. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा दिवा लावला आणि बराच वेळ बघितलं. मग कापसाचा बोळा घेतला आणि त्याचं टोक चिमटीत पिळून धाग्यासारखं बारीक केलं.

"आजी, समोर बघा. हलू नका."

आधी उजवा. कापूस बुबुळाला टेकला न टेकला तोच सासूने डोकं मागे घेतलं, डोळा गच्च मिटला, पाणी वाहायला लागलं. "चांगलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग डावा. कापसाचा धागा बुबुळावर टेकला. टेकून राहिला. तिथे तो थोडा वाकलासुद्धा. सासू समोर बघत शांत बसली होती. पापणी लवली नाही.

"करा की सुरू," सासू म्हणाली.

नवरा दाराशी उभा होता. तो आपल्या पायांकडे बघायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी कापूस टाकला. मग सुनेकडे वळून सांगितलं, सावकाश, वर्गात सांगावं तसं. ओठावर उठतं तेच हे. बोटाने डोळ्यात जातं, नाहीतर आतून नस धरून उतरतं. सुरुवातीला दुखतं. मग हळूहळू बुबुळ बधिर होतं आणि दुखायचं थांबतं, आणि माणसाला वाटतं बरं झालं. "ह्याला औषध आहे," त्या म्हणाल्या. "दुखत होता तेव्हा आणलं असतं तर डाग एवढा पडला नसता."

"पाला घालत होते," सासू मध्येच म्हणाली. "घरचा आहे. माझ्या सुनेने तपासलाय, कॉलेज शिकलीय ती." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कौतुक होतं.

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने सगळं सांगितलं, डब्यांचं, लिंबाच्या सालीचं, गेटचं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "खोटं नाही ते," त्या म्हणाल्या. "ओठाला थोडा फरक पडतही असेल. पण तुम्ही विचारलंत ओठाला आणि उत्तर लावलं डोळ्याला."

"मी नाही लावलं," सून म्हणाली. मग थांबली. "हो," म्हणाली.

औषधाने डोळ्यात पसरत होतं ते थांबलं. डाग राहिला. डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं, कुणी समोरून गेलं की काहीतरी हलल्यासारखं. उजवा चांगला आहे, तो जपायचाय. निवडणीच्या टेबलावरची जागा गेली. बॅटरीने ते वाईट शब्दांत सांगितलं नाही, उलट त्याने बॅटरी खिशात ठेवून सांगितलं, आणि ते जास्त लागलं. आता सासू शेडच्या मागे रिकाम्या गोण्या झटकते आणि घड्या घालते. "बरंय," ती म्हणते. "गोणीत काळं काय नि पांढरं काय." नणंद हसत नाही. मग सासूच एकटी हसते.

सून पाला अजून करते. तो टाकून द्यावा असं नवरा म्हणाला होता. तिने टाकला नाही. जेवढा गुण तिला दिसला तेवढा खरा होता, आणि लोकांना गेटातून आत जायचं होतं. पण आता बोट नाही. जिची तिची डबी, जिची तिची काडी, लावून झालं की काडी चुलीत आणि हात बादलीत. दारात बायका हनुवटी वर करून उभ्या राहतात सवयीने, आणि सासू सवयीनेच हात पुढे करते, आणि मागे घेते.

सासू कामावरून आली की अजूनही बादलीपाशी बसते, हात धुते, पुढे धरते. "घ्या साहेब, तपासा." सून हात बघत नाही आता. हनुवटी धरून चेहरा दाराकडे वळवते आणि आधी एक डोळा झाकते, मग दुसरा. सासू म्हणते, "वेड लागलंय हिला." पण चेहरा तसाच धरू देते.

डबी न्यायला जी येते तिला सून हे सांगते. बायकांना वाटतं ती डबीचंच काहीतरी सांगतेय, काडीचं, हात धुवायचं. तेही सांगते. पण आधी हे. तुम्ही डबी न्यायला आलेला नाही, तरी तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणीतरी असेल ज्याने हल्ली दाराशी बसायचं सोडलंय. कप धरताना ज्याचा हात हवेत थोडा थांबतो. विचारलं तर म्हणेल, काही दुखत नाही. दुखत नाही एवढ्यावर परत फिरू नका. हे वाचून झालं की उठा, त्या खोलीत जा. चेहरा उजेडाकडे वळवा, तुमच्या तळव्याने एक डोळा झाका, मग दुसरा, आणि विचारा, सांग, मी कुठे आहे.